पल्याडच्या वाडीचा पासवर्ड

मी नवऱ्याला सोडून निघाले, ती नवऱ्याच्याच लाँचमधून. दुसरी लाँच नव्हती.

पिशवी मांडीवर घेऊन मी मागच्या फळीवर बसले, यांच्याकडं पाठ करून. पाठ केली तरी लाँच तेच चालवणार, हे मला कळत होतं. पण रुसायला जेवढी जागा मिळते तेवढीच माणूस घेतो. धक्क्याचा दोर सोडताना यांनी विचारलं,

"कुठं निघालीस?"

"दादाकडं."

"परत कधी?"

"परतायचं असतं तर चांगलं लुगडं पिशवीत भरलं नसतं."

हे खाली वाकले, हँडल मारलं, आणि इंजिन असं भडभडायला लागलं की पुढं बोलायची सोयच उरली नाही. आमच्या घरात भांडणं मिटत नसत, इंजिनाखाली बुडत.

आमची वाडी कोयनेच्या पाण्यापलीकडं. धरण झालं, पाणी चढलं, जुनी वाट पाण्याखाली गेली, तेव्हापासून तिकडची माणसं आम्हाला पल्याडची म्हणतात आणि आम्ही त्यांना. आता वाडीत टॉवर आहे, पोरं चुलीपुढं बसून फोन बघतात. मी सांगते आहे ते टॉवरच्या आधीचं. तेव्हा फोन लावायचा तर म्हसोबाच्या माळावर चढायचं, एका ठरावीक दगडावर उभं राहायचं आणि तोंड पूर्वेला करायचं. तोंड जरा वळवलं की मुंबईचा मुलगा गप्प.

लाँचमध्ये त्या दिवशी आम्ही मोजकीच माणसं. शेजारची म्हातारी चिंगूबाई, डोळे तपासायला निघालेली. ग्रामसेवक, फायली मांडीवर घेऊन. मी. आणि पुढं, यांच्या शेजारच्या स्टुलावर, ऋजुता. कानात बोंडं घालून ती इंग्रजीत कुणाशी तरी बोलत होती आणि बोलता बोलता पाण्याकडं बघून मान हलवत होती. तिची ती इंटरनेटची पांढरी तबकडी लाँचच्या पत्र्यावर बांधलेली होती. कशानं बांधली होती, तेही सांगते. माझ्या हिरव्या साडीच्या काठानं. साडी जुनी होती, पण काठ चांगला होता, आणि फाडायच्या आधी मला कुणी विचारलं नव्हतं.

ऋजुता दिवाळीनंतर आली. पुण्याची. पाठीवर सॅक आणि छातीशी एक चपटी पेटी, बाळंतीण मूल धरते तशी धरलेली. हेच तिला धक्क्यावरून घरी घेऊन आले.

"मागची खोली पाहिजे यांना. काम करायचंय."

"कसलं काम?"

"कंपनीचं."

"कंपनी कुठाय इथं?"

"आभाळात," हे म्हणाले आणि हसले. दात दिसेपर्यंत हसले. आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा यांचे दात दिसत नाहीत.

पोरगी वाईट नव्हती, हे मी तेव्हाही मनात मान्य करत होते आणि त्यानंच जास्त जळत होते. ताट स्वतः घासायची. भाकरी करपली तरी खायची. जिथं कुणी नाही, फोन लागत नाही, वीज येते-जाते, अशा जागी जाऊन राहायचं, ही तिची हौस. आधी कुठं बर्फात राहिली होती, कुठं वाळवंटात. म्हणजे माणसांपासून लांब जायचं आणि जाताना सगळ्या माणसांना पेटीत घालून न्यायचं. मला यातलं काही कळलं नाही. यांना सगळं कळलं.

पेटीतून निघाली ती तबकडी पाटाएवढी. सपाट, पांढरी. सोबत एक बॅटरी आणि उन्हात उलगडायचा सोलरचा काळा पत्रा. ऋजुतानं अंगणात माझ्या नाचणीच्या वाळवणाशेजारी ती मांडली आणि समजावून सांगायला लागली. वरून उपग्रह जात असतात, एक गेला की दुसरा येतो, त्यांना मोकळं आभाळ लागतं, झाड आडवं आलं की तार तुटते. तार दिसत नव्हती, तरी हे मान डोलवत होते.

मग यांचा दिवस बदलला. सकाळी लाँच काढायच्या आधी तबकडी पुसायची. धुकं असेल तर कोरड्या फडक्यानं. दुपारची फेरी आटोपली की जेवायच्या आधी बॅटरी बघायची. मी मनात तोलत बसायचे. सकाळी मला काय म्हणाले? "चहा." तिला काय म्हणाले? "रात्री झोप लागली का? वाऱ्यानं तबकडी हलली नाही ना? आज ढग आहेत, तुमची मीटिंग कशी व्हायची?" मी ताप अंगावर काढला तेव्हा यांनी कपाळाला हात लावला नव्हता. तबकडी तापली की लावायचे.

संध्याकाळ झाली की सगळी वाडी माझ्या अंगणात. ज्यांची पोरं मुंबईला, ते सगळे. चिंगूबाईनं नातवाचं तोंड पहिल्यांदा त्या अंगणात बघितलं. रडली, आणि जाताना माझा हात धरून म्हणाली, "तुझ्यामुळं दिसला गं बाई." मला वाटलं, अंगण माझं म्हणून म्हणाली. ग्रामसेवक आधी मला वहिनी म्हणायचा. तोही एकाएकी "सुगंधाताई" म्हणायला लागला, आणि म्हणताना ओठ दाबायचा. माझं नाव माहेरच्या अंगणात राहिलेलं. आई गेली, ते हाक मारणारं तोंड गेलं. इथं मी भास्करची आई, वहिनी, काकू. यांच्यासाठी तर "अगं" किंवा नुसती खोकल्याची उबळ. त्यामुळं ग्रामसेवकाच्या तोंडी ते नाव ऐकून मला घरात कुणी परकं शिरल्यासारखं झालं. वाडी मला हसते आहे, हे मी ओळखलं. का हसते, तेही ओळखलं, असं मला वाटलं.

ऋजुता एकदा म्हणाली होती, "काकू, भास्करदादानं पाठवलेला फोन तुम्ही पेटीतच ठेवलाय. जोडून देऊ? पासवर्ड सोपा आहे."

"मला नको तुमचं ते," मी म्हणाले.

ती यांच्याकडं बघून हसली. हे भाकरीकडं बघायला लागले.

मग गोठ्यातलं. मी चारा टाकायला गेले तर पलीकडं दोघं बॅटरीची वायर लावत उभे. यांचा आवाज खाली आलेला, देवळात बोलतात तसा.

"आमच्या हिला यातलं काही सांगू नका, हां."

"काका, कधीतरी कळेलच की."

"कळलं तर माझी धडगत नाही."

मी चारा म्हशीपुढं न टाकता तसाच हातात धरून घरी आले.

तरी मी गप्प राहिले असते. गप्प राहायची मला सवय होती. फणसाचं झालं नसतं तर. तो फणस माझ्या आईनं दिलेल्या आठळीचा. मी वाडीत आले त्या वर्षी लावलेला, भास्करच्या आधीचा. खोडाला कोवळी फळं धरायला लागली होती. आदल्या दिवशी मी ओढ्यावरून धुणं घेऊन आले, तर अंगणाकडची फांदी खाली पडलेली, पांढरा चीक गळतोय, आणि हे कोयता पुसत उभे.

"का तोडली?"

यांनी ऋजुताचा फोन माझ्यापुढं धरला. त्यात आभाळाचं गोल चित्र होतं, निळं, आणि एका बाजूला लाल डाग. "हा डाग बघ. याच्यामुळं बोलणं तुटत होतं. चिंगूबाईचा नातू मधेच जायचा."

"डाग म्हणजे काय?"

"आपला फणस."

माझ्या आईची आठळी डाग झाली होती. ऋजुता धावत आली. म्हणाली, "काका, तबकडी सरकवली असती हो, तोडायची नव्हती." तिला खरंच वाईट वाटलं होतं. म्हणजे तोडायला तिनंही सांगितलं नव्हतं. हे आपणहून. ते जास्त लागलं.

"उद्याच्या लाँचला एक तर ती तबकडी जाईल, नाहीतर मी," मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दोघीही लाँचमध्ये होतो. ऋजुता दोन दिवसांसाठी साताऱ्याला निघाली होती, मीटिंग पाण्यावरूनच करणार होती. चालत्या लाँचवर तबकडी चालते का, हे बघायची यांना पोरकट घाई झाली होती. चालत होती. म्हणजे माझ्या साडीचा काठ पक्का होता.

पाण्याच्या मध्यावर चिंगूबाई माझ्याशेजारी सरकली.

"भास्करच्या आय, हे बघ गं जरा. नातवाचा फोन यायचाय, अन् हे चाक नुसतं फिरतंय. सून म्हणली, लाँचवर गेलीस तर परत घालाय लागंल."

"काय घालायचं?"

"पासवड."

"मला काय ठाऊक तो?"

चिंगूबाईनं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मी चेष्टा करते आहे का, ते बघत होती. "तुला ठावं न्हाय? अगं, तुझंच नाव हाय की. सारी वाडी घालती. मला लिवता येत न्हाय म्हून, न्हायतर मी सुदीक घातलं असतं."

"माझं नाव?"

"तुझं न्हायतर काय म्हशीचं?"

मी ग्रामसेवकाकडं बघितलं. त्याला फाईल एकदम फार महत्त्वाची वाटायला लागली होती. मी ऋजुताकडं बघितलं. तिची मीटिंग संपली होती, की तिनं संपवली, कोण जाणे. कानातली बोंडं काढून ती मागं आली आणि माझ्यापुढं खाली बसली.

"काकू, मी सांगणार होते. काकांनी शपथ घातली होती."

"काय विचारलं होतंस तू यांना?"

"पहिल्याच दिवशी. मी म्हटलं, काका, एक शब्द द्या, कधी विसरणार नाही असा. इंग्रजीत किमान आठ अक्षरं पाहिजेत. काकांनी माझं पेन घेतलं आणि तळहातावर लिहून दाखवला."

"बोलले नाहीत?"

"नाही. लिहिला, मी वाचला, आणि लगेच हात पँटला पुसला. म्हणाले, हिला सांगू नका, नवऱ्यानं नाव गावभर केलं म्हणून घर डोक्यावर घेईल."

घर मी घेतलंच असतं. खोटं कशाला बोलू? पण त्या वेळी मला राग आला तो निराळ्याच गोष्टीचा. ग्रामसेवकानं माझं नाव फोनवर चेपलं होतं. चिंगूबाईच्या सुनेनं, जी माझ्याशी वर्षभर अबोला धरून होती, तिनं रोज संध्याकाळी माझं नाव लिहून मग आपल्या नवऱ्याशी गोड बोलून घेतलं होतं. बकऱ्या घ्यायला आलेल्या व्यापाऱ्यानंसुद्धा. माझ्या नावानं सगळ्या वाडीचं आभाळ उघडत होतं आणि मी एकटी फोन पेटीत घालून कुलूप लावून बसले होते. आजवर मी त्या पोरीवर जळत होते. आता वाडीतल्या एकूण एक माणसावर जळायला लागले.

पिशवी उघडली. लुगड्याच्या घडीत भास्करचा फोन होता. तो घेऊन उठले आणि लाँच हलते आहे तशी हलत पुढं गेले, यांच्या स्टुलापाशी.

"मला पासवर्ड पाहिजे."

यांनी समोर पाण्याकडं बघितलं. "चिंगूबाईला विचार."

"तिला लिहिता येत नाही."

"मग ह्या पोरीला विचार."

"साडी कुणी फाडली? फांदी कुणी तोडली? तुम्हीच सांगायचा."

यांनी लाँचचं चाक घट्ट धरलं. कान लाल झाले होते. मग तोंड माझ्याकडं न वळवता, शाळेतल्या मास्तरसारखं म्हणाले, "एस."

"काय?"

"एस," जरा मोठ्यानं.

"इंजिनात ऐकू येत नाही."

"एस. यू. जी."

"जे?"

"जी, जी, गाईचा."

"असा तुकड्या-तुकड्यात मला समजत नाही. मी सातवीपर्यंत शिकलेय. अख्खा सांगा."

मागून चिंगूबाईचा आवाज आला, "आरं सांग की बाबा, माझा नातू थांबलाय."

हे खाली वाकले. मला वाटलं, वेग वाढवतायत, म्हणजे नेहमीसारखं इंजिनाखाली बुडवतायत. पण इंजिन बंद झालं. एकदम. मधल्या पाण्यात लाँच आपोआप पुढं सरकत राहिली, मग तीही थांबली. पाणी फळीला चाटत होतं तेवढाच आवाज. पलीकडच्या डोंगरावर कुणीतरी गुरं हाकत होतं, तेही ऐकू यायला लागलं. ग्रामसेवकानं फाईल मिटली.

यांनी खाकरून घसा साफ केला. कपाळ पुसलं. आणि शाळेत हजेरी घेतात तसं म्हणाले,

"सुगंधा."

कुणी "हजर" म्हणेल म्हणून वाट बघितल्यासारखे थांबले.

"झालं?" हे म्हणाले.

"हेच का घातलंत?"

"आठ अक्षरं लागत होती. बसलं."

मी उभ्या उभ्या घरातली नावं बोटांवर मोजली. ऋजुताला विचारून विचारून. भास्करचं इंग्रजीत सातच भरतं. सासूबाई हौसाबाई, पण सगळे हौसाच म्हणत, तेही तोकडं. यांचं स्वतःचंही एकानं कमी पडतं. नाव मी सांगणार नाही, तुम्ही मोजायला जाऊ नका. म्हणजे घरात पुरेसं लांब नाव एकट्या माझंच.

"म्हणजे बसलं म्हणून घातलंत," मी म्हणाले.

"बसलं म्हणूनच," हे म्हणाले आणि चाक फडक्यानं पुसायला लागले. चाक स्वच्छ होतं.

मी परत मागं जायला वळणार होते. पण ऋजुताचं बोलणं कानात राहिलं होतं. तिनं विचारलं आणि यांनी पेन घेतलं. मला माझा माणूस माहीत आहे. बाजारात केळी घेतली तरी हे बोटं दुमडून मोजतात, आणि मोजताना ओठ हलतात, आणि मधे कुणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. घरातली नावं इंग्रजीत मनात आणायची, अक्षरं मोजायची आणि बसणारं निवडायचं, एवढं काम करायला यांना संध्याकाळ लागली असती.

"ऋजुता," मी विचारलं, "लिहायच्या आधी यांनी बोटं दुमडली होती का?"

"नाही. का हो, काकू?"

"काही नाही."

हे चाक आणखी जोरात पुसायला लागले.

"दादाकडं जायचंय ना?" यांनी विचारलं. "उशीर होतोय. लावू इंजिन?"

"थांबा. आधी हे लागू दे."

मी फोन डोळ्यांजवळ धरला. एकेक अक्षर हळूहळू चेपलं. सगळं बरोबर आलं होतं, मला दिसत होतं. शेवटचं अक्षर मी पुसलं आणि बटण दाबलं. फोननं नकार दिला.

"चुकलं म्हणतोय," मी म्हणाले. "परत सांगा."